मोटर चालते, पण पाणी चढत नाही: पंप खोलण्याआधी काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

ठाण्यात किंवा नवी मुंबईत पाण्याचा शटडाऊन झाला की दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर ठरलेला निरोप येतो: मोटर चालू आहे, पण गच्चीवरच्या टाकीत पाणी पडत नाहीये. मग इलेक्ट्रिशियन येतो, मोटर खोलून दुकानात नेतो, दोन दिवस टँकर आणि वर रिवाइंडिंगचं (मोटरीतली तारेची गुंडाळी नव्याने भरण्याचं) बिल. मोटर परत बसवली की पाणी चढतं, म्हणून मोटरच गेली होती यावर सगळ्यांचं एकमत होतं. बऱ्याच वेळा झालेलं एवढंच असतं, की शटडाऊनमध्ये खालची टाकी तळाला गेली, पंपाने हवा घेतली आणि परत बसवताना त्या माणसाने पंपात पाणी भरलं. तेवढं पाणी पहिल्याच दिवशी भरता आलं असतं.

चूक क्रमात होते. आधी टाकीतलं पाणी, मग सक्शनमधली (टाकीतून पंपात येणाऱ्या पाइपमधली) हवा, मग वीज, आणि पंप उघडणं सगळ्यात शेवटी. लोक नेमकी शेवटाकडून सुरुवात करतात.

खाली लिहिलेलं सगळं खालच्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवणाऱ्या अर्धा ते दोन एचपीच्या सिंगल फेज मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच दांड्यावर असलेल्या) पंपांसाठी आहे. ऐरोली-कोपरखैरण्याच्या रो-हाउसमध्ये आणि नौपाडा-कोपरीच्या जुन्या तीन-चार मजली इमारतींमध्ये बहुतेक हेच पंप असतात. थ्री फेजबद्दल जिथे वेगळं आहे तिथे सांगितलं आहे. बोअरवेलचा सबमर्सिबल हा पूर्ण वेगळा विषय, तो इथे नाही. आणि महापालिकेच्या नळाला थेट जोडलेल्या मोटरीची दुरुस्ती तर नाहीच. ती जोडणी बेकायदा आहे, शिवाय लाइनमध्ये पाणी नसताना अशी मोटर फुटक्या जोडांमधून आजूबाजूचं गटाराचं पाणी ओढून घेते.

## टप्पा १: हात लावण्याआधी

जवळ ठेवायच्या वस्तू: टॉर्च, दोन पाने, एक पाइप पाना, टेफ्लॉन टेप, पाण्याची बादली आणि तांब्या, जुनं वर्तमानपत्र, टेस्टर, आणि जमलं तर साधा मल्टीमीटर. एक माणूस पंपाजवळ आणि एक गच्चीवर, दोघांच्या हातात फोन. एकट्याने जिने चढ-उतार करत तपासणी केली की निम्म्या गोष्टी निसटतात. वर पाणी आलं का, किती वेळाने आलं, सुरुवातीला हवा फसफसली का, हे वरच्या माणसानेच सांगायचं असतं.

पंपावरची प्लेट वाचा आणि तिचा फोटो काढून ठेवा. एचपी, अँपिअर, व्होल्टेज, हेड (पंप पाणी किती उंच चढवतो ते) आणि कंडेन्सरचे (मोटर फिरायला लावणाऱ्या डबीचे) मायक्रोफॅरड हे आकडे पुढे लागणार आहेत. प्लेटवर रंग फासला असेल तर आधी तो खरवडा.

सावधान: पाना लावायच्या प्रत्येक कामाआधी एमसीबी खाली पाडा. नुसतं स्टार्टरचं लाल बटण दाबणं पुरेसं नाही. टाकीत पाण्याची पातळी ओळखणारा ऑटोमॅटिक कंट्रोलर बसवलेला असेल तर तुमचे हात पंपावर असताना तो मोटर आपोआप चालू करू शकतो.

सावधान: पावसाळ्यात पंपरूममध्ये पाणी साचून मोटर भिजली असेल, तर हा लेख इथेच बाजूला ठेवा. ओली मोटर चालू करून बघायची नाही. वाळवून, मेगर या मीटरने इन्सुलेशन तपासून, इलेक्ट्रिशियनने हो म्हटल्यावरच.

## टप्पा २: टाकीत पाणी खरंच आहे का

हास्यास्पद वाटेल, पण इथूनच सुरुवात करा. वॉचमन "पाणी आहे" म्हणतो ते झाकण किंचित उचलून, वरून चमकणारं पाणी बघून. फूट व्हॉल्व्ह (सक्शन पाइपच्या खालच्या टोकाची, पाणी परत जाऊ न देणारी झडप) साधारण तळापासून फूटभर वर असतो. त्याच्या जाळीवर निदान फूट-दीड फूट पाणी हवं. त्याहून कमी असलं की पाण्यात भोवरा पडतो आणि पाण्याबरोबर हवा आत जाते. तेव्हा काठी बुडवून मोजा, अंदाज नको.

टॉर्चने पाणी बघा. शटडाऊननंतरची पहिली खेप अनेकदा गढूळ असते, कारण रिकाम्या झालेल्या लाइनमधला गाळ सुटून येतो. त्यात फूट व्हॉल्व्हची जाळी बुजते. टाकी नुकतीच साफ केली असेल, तर साफ करणाऱ्याने सक्शन पाइपला धक्का दिलेला असण्याची शक्यताही तेवढीच असते.

सावधान: फूट व्हॉल्व्ह बघायला टाकीत उतरू नका. बंद टाकीत प्राणवायू कमी असतो, आणि एक बेशुद्ध पडला म्हणून दुसरा वाचवायला उतरून दोघेही दगावल्याच्या बातम्या येत राहतात. सक्शन पाइप युनियनपाशी (पाइप न कापता खोलता येणाऱ्या जोडापाशी) सोडवून वर ओढून काढा. युनियन नसेल तर आता बसवून घ्या.

काही इमारतींत पंपरूम टाकीच्या पातळीच्या खाली असते आणि पाणी आपोआप पंपात येतं. तिथे फूट व्हॉल्व्ह नसतो, सक्शनवर गेट व्हॉल्व्ह असतो. अशा ठिकाणी आधी तोच संशयित. चाक फिरतं, पण आतला दांडा तुटलेला असल्याने गेट खालीच बसून राहतं. बाहेरून तो उघडाच दिसतो.

## टप्पा ३: हवा

मोटर नेहमीच्या वेगाने फिरते, आवाज नेहमीपेक्षा हलका आणि कोरडा आहे, स्टार्टरवर अँपिअरमीटर असेल तर काटा रोजच्यापेक्षा वेगळ्या जागी थांबतो, आणि पाणी मात्र नाही. ही हवेची लक्षणं. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या.

पंप पाणी "ओढतो" असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो सक्शनमधला दाब कमी करतो आणि बाहेरची वातावरणाची हवा टाकीतलं पाणी वर ढकलते. पंपात पाण्याऐवजी हवा भरलेली असेल तर इम्पेलर (पाणी फेकणारं आतलं चाक) तिला ढवळत बसतो, दाब पुरेसा पडत नाही. पंपावर सेल्फ-प्रायमिंग लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ एवढाच, की पंपाच्या पोटात थोडं पाणी शिल्लक असेल तर पाइपमधली हवा तो स्वतः काढू शकतो. पोट कोरडं असेल तर तोही काही करू शकत नाही.

३-अ: पाणी भरणे. एमसीबी पाडा. पंपाच्या डोक्यावरचा प्रायमिंगचा (पाणी भरायचा) बोल्ट काढा. काही पंपांना बोल्टऐवजी छोटं नरसाळं आणि कॉक असतो. तांब्याने सावकाश पाणी ओता. घाईत भसकन ओतलं तर हवा आतच अडकते आणि भोकातून पाणी उसळून बाहेर येतं, मग वाटतं भरलं. थोडं ओता, बुडबुडे निघू द्या, परत ओता. सक्शन पाइपसकट भरायचं असल्याने बादलीभर पाणी लागलं तरी नवल नाही.

३-आ: पाच मिनिटं थांबणे. हीच या सगळ्या लेखातली सर्वांत महत्त्वाची तपासणी, आणि ही कोणीच करत नाही. पाणी भोकाच्या काठापर्यंत आलं की बोल्ट लावू नका, मोटर चालू करू नका. नुसतं बघत बसा.

पातळी जागची हलली नाही, तर सक्शन ठीक आहे. पातळी उतरत गेली, तर पाणी कुठून तरी परत जातं आहे. अशा वेळी बोल्ट लावून मोटर चालवली तर आज पाणी चढेलही, पण रात्रभरात पंप रिकामा होईल आणि उद्या सकाळी तीच कथा. रोज सकाळी वॉचमन तांब्याने पंपात पाणी ओततो अशा सोसायट्या आहेत, आणि तिथे कोणाला त्यात काही चुकीचं वाटत नाही.

३-इ: गळती कुठे आहे ते शोधणे. पातळी उतरत असताना सक्शनचा प्रत्येक जोड कोरड्या फडक्याने पुसा आणि वर्तमानपत्राचा तुकडा त्याभोवती दाबून धरा. भरलेल्या पाइपमधून जोडाला थेंब झिरपला तर कागद लगेच काळपट होतो. तो जोड सोडवून नव्याने करा. सगळे कागद कोरडे आणि तरी पातळी खाली, तर दोष फूट व्हॉल्व्हचा.

फूट व्हॉल्व्ह वर काढलात की झडप बोटाने उचलून बघा. बहुतेक वेळा सापडतं ते अगदी क्षुल्लक असतं: टेफ्लॉन टेपचा लोंबता तुकडा, सिमेंटचा खडा, पीव्हीसी पाइप कापतानाची साल. झडपेखाली ती साल अडकलेली असते आणि काठावर नखाएवढी फट राहते. तेवढ्या फटीतून रात्रभरात सगळा पाइप रिकामा होतो. झडपेचं रबर कडक झालं असेल किंवा त्यावर वर्तुळाकार खाच पडली असेल तर साफ करत बसू नका, व्हॉल्व्ह बदला. बसवण्याआधी नवा व्हॉल्व्ह उभा धरून वरून पाणी भरा आणि गळत नाही ना बघा. नवेही गळके निघतात.

३-ई: फक्त चालताना हवा घेणारा जोड. कधी कधी पाणी भरून ठेवलं तर पातळी हलत नाही, पण मोटर चालू केली की वर पाणी फसफसत, तुटक येतं. म्हणजे अगदी बारीक फट, जिच्यातून पाणी सुटत नाही, पण हवा आत जाते. साबणाचा फेस इथे निरुपयोगी, कारण सक्शनला हवा बाहेर येत नाही, आत जाते, त्यामुळे बुडबुडा दिसणारच नाही. मोटर चालू ठेवून एकेका जोडावर घट्ट ग्रीस किंवा मळलेली कणीक थापा. ज्या जोडावर थापल्यावर आवाज भरीव होतो आणि वरच्या माणसाचा "आलं, आलं" असा फोन येतो, तोच जोड. प्रायमिंगच्या बोल्टचं वॉशरही विसरू नका. दर वेळी पान्याने आवळून ते चपटं होतं.

जोड नव्याने करताना टेफ्लॉन टेप आट्यांच्या टोकाकडून, पाइप आवळण्याच्याच दिशेने गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर आवळताना ती गोळा होऊन बाहेर येते. पहिला आटा मोकळा ठेवा, नाहीतर तिचेच तुकडे फूट व्हॉल्व्हमध्ये सापडतील.

तपासा: सक्शन पाइप टाकीकडून पंपाकडे सतत चढता आहे का? मध्येच भिंतीवरून उंट काढून खाली आणला असेल तर त्या उंचवट्यात हवा साठते आणि कितीही प्रायमिंग केलं तरी त्रास परत येतो. पाइपचा व्यास पंपाच्या तोंडापेक्षा लहान असता कामा नये. रेड्युसर लावून पैसे वाचवलेली सक्शन लाइन हे नवी मुंबईच्या रो-हाउसमधलं जुनं दुखणं आहे.

## टप्पा ४: चालू करताना

पंपात पाणी, बोल्ट घट्ट, आता एमसीबी वर करा. डिलिव्हरीचा (वर जाणाऱ्या पाइपचा) व्हॉल्व्ह उघडा की बंद, यावर प्लंबर लोकांची दोन मतं असतात, आणि दोन्ही आपापल्या पंपापुरती बरोबर असतात. अर्धा-एक एचपीचे छोटे सेल्फ-प्रायमिंग पंप बहुतेक पेरिफेरल जातीचे (इम्पेलरच्या कडेला छोटी पाती असलेले) असतात. डिलिव्हरी बंद असताना त्यांच्यावर सर्वांत जास्त भार येतो, म्हणून व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवूनच चालू करा. मोठ्या सेंट्रिफ्युगल पंपाचं उलट: बंद व्हॉल्व्हवर तो कमी वीज घेतो, तेव्हा किंचित उघडा ठेवून सुरू करायचा आणि दाब आल्यावर हळूहळू उघडायचा.

दोन-तीन मिनिटांत वर पाणी आलं नाही तर बंद करा. "अजून थोडं चालू दे, येईल" हे वाक्य मेकॅनिकल सील (दांड्यापाशी पाणी गळू न देणारा भाग) जाळतं. त्या सीलचे कार्बन आणि सिरॅमिकचे दोन चकचकीत पृष्ठभाग पाण्याच्या पातळ थरावर घासत असतात. पाणी नसलं की ते काही मिनिटांत तापून तडकतात, आणि मग हवेच्या साध्या दोषाचं रूपांतर खऱ्या दुरुस्तीत होतं.

पाणी येतं पण आतून खडे फिरवल्यासारखा खडखडाट होतो? सक्शन कुठेतरी चोंदलं आहे. जाळी, नाहीतर अर्धवट उघडा व्हॉल्व्ह. अशा अवस्थेत आठवडेच्या आठवडे चालवलेल्या पंपाचा इम्पेलर किडल्यासारखा खड्ड्याखड्ड्यांचा होतो.

## टप्पा ५: वीज

मोटर फिरतच नसेल तरच इथे थेट या. लक्षणं वेगळी ओळखा.

काहीच आवाज नाही. टेस्टरने स्टार्टरपर्यंत वीज येते का बघा, मग स्टार्टरचं ओव्हरलोड रिसेटचं बटण दाबा, मग कंट्रोलर बायपास करून बघा. वरच्या टाकीतला फ्लोट स्विच वायरीत गुरफटून "टाकी भरली आहे" असं सांगत बसलेला असतो. याची शक्यता मोटर जळल्यापेक्षा कितीतरी जास्त.

घुंऽऽ असा आवाज, पण फिरत नाही. पाच सेकंदांच्या आत बंद करा. नाहीतर वाइंडिंग खरंच जळेल. एमसीबी पाडा, मागचं पंख्याचं झाकण काढा आणि पंखा हाताने फिरवा. काही मोटरींच्या दांड्याला मागून स्क्रू-ड्रायव्हर बसेल अशी खाच असते. सहज फिरला तर कंडेन्सर गेलेला असण्याची शक्यता मोठी. फिरत नसेल तर पंप जाम आहे. मे महिन्यात गावाला जाऊन आलं की हे हमखास होतं: पेरिफेरल पंपात इम्पेलर आणि बॉडी यांच्यातली फट अगदी बारीक असते, आणि महिनाभर उभ्या पाण्यात तिथे गंज आणि क्षार धरतात. दोन्ही दिशांना थोडं थोडं हलवत सोडवा, हातोडी मारू नका.

कंडेन्सर बदलताना त्यावर छापलेलेच मायक्रोफॅरड घ्या, व्होल्टेज ४४० किंवा मूळ जेवढं असेल तेवढं. "मोठा लावला की मोटर जोरात फिरते" हा सल्ला ऐकू नका, त्याने वाइंडिंग तापतं. जुना फुगलेला असेल तर तपासायचीही गरज नाही. मल्टीमीटरवर छापील आकड्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त कमी दाखवला तरी बदला.

सावधान: वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये भार राहतो. त्याची दोन्ही टोकं एखाद्या बल्बच्या होल्डरच्या वायरींना टेकवून तो उतरवा, मगच हात लावा. हे समजलं नसेल तर हे काम इलेक्ट्रिशियनचं.

चालतो आणि ट्रिप होतो. चालू करताक्षणी एमसीबी पडला तर शॉर्ट. दहा-पंधरा मिनिटांनी ओव्हरलोड पडला तर जाम होत चाललेली बेअरिंग, कमी व्होल्टेज किंवा अर्धवट अडकलेला इम्पेलर. आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल तर वीज बॉडीत उतरते आहे. तो बायपास करून पंप चालवणं म्हणजे ओल्या पंपरूममध्ये वॉचमनचा जीव टांगणीला लावणं. ओव्हरलोडची सेटिंग वाढवणं हा उपाय नव्हे.

कमी व्होल्टेज मोजायचं ते मोटर चालू असताना, मोटरीच्या टोकांवर. बंद असताना २३० दिसतं आणि चालू होताच १७० वर येतं, असं असेल तर दोष सैल जोडणीत किंवा बारीक वायरमध्ये शोधा.

थ्री फेज असेल तर: मीटररूममध्ये किंवा केबलवर काम झाल्यानंतर पाणी अचानक कमी झालं, तर मोटर उलटी फिरते आहे का बघा. बॉडीवर बाण असतो. कोणतेही दोन फेज अदलाबदल केले की दिशा सुधारते, पण ते इलेक्ट्रिशियनकडून.

## टप्पा ६: पाणी येतं, पण कमी येतं

"पूर्वीपेक्षा कमी" हा शब्द निरुपयोगी आहे, मोजा. वरच्या १००० लिटरच्या टाकीला अर्धा तास लागत असेल तर मिनिटाला साधारण ३३ लिटर. हा आकडा आणि अँपिअर पंप ठणठणीत असतानाच पंपरूमच्या भिंतीवर मार्करने लिहून ठेवा.

पंप नवा असूनही कमी पाणी देतो, ही तक्रार बहुधा खरेदीची असते. प्लेटवर "३० मीटर" कमाल हेड लिहिलं आहे याचा अर्थ ३० मीटरवर पाणी शून्य. चार मजल्यांची इमारत, मजल्याला ३ मीटर, खाली स्टिल्ट (पार्किंगचा मजला), गच्चीवर उंचावर ठेवलेली टाकी आणि खाली टाकीची खोली धरली की २० मीटर सहज होतात, शिवाय पाइपमधलं घर्षण वेगळं. दुकानात उंची सांगा आणि त्या उंचीला मिनिटाला किती लिटर मिळतील ते प्लेटवरच्या किंवा माहितीपत्रकातल्या तक्त्यात दाखवायला सांगा. नुसतं "एक एचपी द्या" म्हणू नका.

पंप जुना आणि पाणी हळूहळू कमी होत गेलं, तर इम्पेलर झिजला आहे. गढूळ पाण्यातली वाळू पेरिफेरल पंपाला लवकर संपवते.

## टप्पा ७: आता पंप उघडा

वरचं सगळं झालं, सक्शन धरून ठेवतं, वीज बरोबर आहे, तरी पाणी नाही किंवा बॉडी आणि मोटर यांच्यामधून थेंब गळतात, तेव्हाच. गळणारे थेंब म्हणजे सील गेलं. चालताना तिथून पाणी बाहेर येतं आणि बंद झाल्यावर तिथूनच हवा आत जाते.

खोलताना प्रत्येक पायरीला फोटो काढा, बॉडीच्या दोन भागांवर जोडून रेघ मारा. जुनं सील दुकानात सोबत न्या, मापाच्या अंदाजावर आणलेलं बसत नाही. नव्या सीलच्या चकचकीत बाजूला बोट लावू नका, स्वच्छ पाण्याने ओलं करून हाताने दाबून बसवा. सील बदलताना बेअरिंग हाताने फिरवून बघा. खरखर जाणवली तर तेही आत्ताच बदला, कारण डुगडुगणारा दांडा नवं सीलही महिन्याभरात खाईल.

## टप्पा ८: काम झाल्यावर

दहा मिनिटं सलग चालवा आणि तिथेच उभे राहा. अँपिअर प्लेटवरच्या आकड्याच्या आत हवेत. सीलपाशी कोरडं हवं. मोटर गरम लागणं ठीक, हात ठेवता न येण्याइतकी नको.

मग बंद करा आणि लगेच समाधान मानू नका. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी: रात्रभर उभा राहिलेला पंप चालू केल्यावर वर पाणी पडायला किती वेळ लागतो ते वरच्या माणसाकडून घ्या. कालच्याइतकाच वेळ लागला तर फूट व्हॉल्व्ह धरतो आहे. दुप्पट लागला, तर टप्पा ३-आ वर परत जा आणि या वेळी पाच नाही, पंधरा मिनिटं पातळी बघा.

पुढच्या शटडाऊनच्या आधी ड्राय-रन प्रिव्हेंटर बसवून घ्या. खालची टाकी संपली की तो मोटर बंद करतो, आणि त्याची किंमत एका रिवाइंडिंगपेक्षा कमी असते. तोवर शटडाऊनच्या दिवशी पंपाचा एमसीबी पाडून ठेवायचा आणि वॉचमनला तसं सांगायचं.